आडनावाचा बोलण्यातील वापर (मराठवाडा)

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत रोजच्या बोलण्यात आडनाव कसे येते, त्याला काय जोडतात आणि ते कोणासाठी वापरतात, यासंबंधीची रूढी. इंग्रजीत मान दाखवायला आडनावाआधी मिस्टर किंवा मिसेस लावतात. मराठीत तो आडनावानंतर येतो: ‘साहेब’, ‘सर’, ‘गुरुजी’, ‘काकू’ अशा शब्दाने किंवा नुसत्या अनेकवचनाने.

जागेची खूण सांगताना ‘पाटलाच्या वाड्यामागं’, ‘शिंद्याच्या मळ्यात’ असे एकेरी सर्रास चालते. त्यात अनादर नसतो. माणसाबद्दल बोलताना मात्र ‘पाटील आला’ आणि ‘पाटील आले’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लातूरकडे वाटेत भेटलेल्याला ‘कुठं चाललाव, देशमुख?’ असे विचारतात. नुसते आडनाव असले तरी क्रियापद मान राखते. जुन्या गावगाड्यात हा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. दलित आणि बलुतेदार घरांतल्या म्हाताऱ्या माणसालाही एकेरी नावाने किंवा कामावरून हाक पडे. त्याच घरांतली मुले शिकून शिक्षक, अधिकारी झाली आणि गावाच्या तोंडी ‘कांबळे सर’, ‘वाघमारे साहेब’ आले. आडनावाच्या वापरातला हा सर्वांत मोलाचा बदल मानला पाहिजे.

विभक्ती लागताना आडनावाचे सामान्यरूप होते: पाटील–पाटलाला, कुलकर्णी–कुलकर्ण्याला, मुंडे–मुंड्याचा, मोरे–मोऱ्याचा. वर्तमानपत्रांत आणि शहरी बोलण्यात आता ‘मुंडेंचा’, ‘मोरेंचा’ अशी रूपे रुळली आहेत. खेड्यांतली जुनी रूपे भाषेच्या वळणाची आहेत. ती अशुद्ध समजून शाळेत खोडू नयेत.

‘पाटील’ हे मुळात वतनाचे पद. निजामी राजवटीत गावोगावी माली (म्हणजे महसुलाचे काम पाहणारे) पाटील आणि पोलीस पाटील असत, त्यामुळे पाटील म्हणवणारी घराणी उदंड झाली. नुसते ‘पाटील’ म्हटल्याने माणूस ओळखू येईना, तेव्हा गावाचे नाव जोडले गेले. १९८५–८६ मध्ये मुख्यमंत्री असलेले शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि १९९१ ते १९९६ या काळात लोकसभेचे अध्यक्ष असलेले शिवराज पाटील चाकूरकर, दोघेही लातूर जिल्ह्यातले. लोकांच्या बोलण्यात ‘पाटील’ गळून ‘निलंगेकर साहेब’, ‘चाकूरकर साहेब’ एवढेच राहिले. याउलट ‘जरांगे पाटील’ या रचनेत आडनाव आधी आणि पद मागे येते.

गावावरून पडलेले आडनाव बहुधा गाव सोडल्यावरच उपयोगी पडते, कारण कुरुंद्यात राहणाऱ्याला कुरुंदकर म्हणून वेगळे ओळखण्याचे कारण नसते. नांदेडला मात्र नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे ‘कुरुंदकर गुरुजी’ झाले. आदराने आडनाव मागे पडल्याचीही उदाहरणे आहेत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. संन्यासानंतर ते सर्वांचे ‘स्वामीजी’ झाले. त्याच लढ्यातले गोविंदभाई श्रॉफ यांनाही लोक ‘गोविंदभाई’च म्हणत.

नव्या माणसाला ‘पाव्हणे, आडनाव काय?’ असे विचारतात. उत्तर ‘चव्हाण’ किंवा ‘जाधव’ आले की लगेच ‘गाव कोणतं?’ हा प्रश्न येतो. ही आडनावे मराठा, बंजारा आणि इतरही समाजांत आहेत आणि विचारणाऱ्याला बऱ्याचदा जातच हवी असते. मुस्लिमांत शेख, सय्यद, मिर्झा हे बहुधा नावाआधी येतात, खान आणि पठाण नावानंतर. देशमुख, पटेल, इनामदार ही आडनावे त्यांच्यातही आहेत.

स्त्रियांच्या बाबतीत नुसते आडनाव बोलण्यात फारसे चालत नाही. ‘देशमुख आल्या’ हे बातमीतले वाक्य वाटते. बोलताना ‘देशमुख मॅडम’, ‘जोशी काकू’ म्हणतात. खेड्यात जुन्या पिढीतली बाई ‘पाटलीणबाई’ तरी असते, ‘देशमुखाची सून’ तरी, नाहीतर थोरल्या लेकराच्या नावाने अमक्याची माय.