आंतरकर्णाचे आनुवंशिक तोलविकार

आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा जन्मतः किंवा वयानुसार निकामी करणारे, पिढीतून पिढीत उतरणारे विकार. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या असतात. त्यांतल्या केसपेशी डोक्याची हालचाल मेंदूला कळवतात. ऐकण्याच्या केसपेशीही याच घडणीच्या, त्यामुळे एका जनुकातला दोष बहुधा दोहोंना भोवतो.

चक्कर म्हटली की घरोघरी पित्त, नाहीतर मानेचे मणके. इथे मात्र भोवळ येईलच असे नाही. दोन कानांच्या संदेशांत तफावत पडली की गरगरते; दोन्ही कान सारखेच, हळूहळू मंदावले तर तफावत पडतच नाही. माणूस नकळत डोळ्यांच्या आणि तळपायांच्या भरवशावर चालू लागतो. पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना दिवसा सहज उतरणारा गृहस्थ वीज गेली की पायरीपायरीला कठडा चाचपतो. लक्ष्मी रस्त्यावर चालता चालता दुकानाची पाटी वाचू गेला, तर अक्षरे नाचतात. थांबला की स्थिरावतात. १४व्या गुणसूत्रावरील सीओसीएच जनुकाचा दोष असाच. १९९८ मध्ये तो उजेडात आला. तो प्रभावी असल्याने आईवडिलांपैकी एकाकडून आला तरी पुरतो; त्रास बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि ऐकूही कमी येते.

अशर सिंड्रोमचा पहिला प्रकार अप्रभावी आहे, म्हणजे दोष आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच विकार होतो. बाळ जन्मतः बहिरे असते, चालायला दीड वर्ष उलटते. ‘अंगाने जड आहे, चालेल हळूहळू’ यात महिने जातात. पुढे रातांधळेपणा येतो, म्हणजे तोलाला उरलेला डोळ्यांचा आधारही सुटू लागतो. मामेबहिणीशी लग्नाची महाराष्ट्रातील चाल पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी अभ्यासली होती. अशा नात्यात दोघेही एकाच दोषाचे वाहक (दोष अंगी असून स्वतःला त्रास नसलेले) असण्याचा संभव वाढतो, आणि तसे असल्यास प्रत्येक अपत्याला विकाराची शक्यता २५ टक्के.

पेंड्रेड सिंड्रोममध्ये आतल्या कानाची एक वाहिनी रुंद असते. डोक्याला साधा मार बसूनही ऐकणे एकदम घटू शकते. हेल्मेटवरून पुण्यात वाद घालायची हौस जुनी आहे, या मुलांपुरती ती बाजूला ठेवावी.

गेलेला तोल परत आणणारे औषध नाही. बोटावर नजर खिळवून मान हलवण्यासारख्या व्यायामांनी मेंदू बराच सावरतो. विहिरीत किंवा तलावात एकट्याने सूर मारणे मात्र वर्ज्य: गढूळ पाण्याखाली वर कुठे आणि तळ कुठे, हेच अशा माणसाला कळत नाही.