'लाइक'चा पूर्वज: देह

इंग्रजीत सारखेपणा सांगणाऱ्या शब्दांची गर्दी आहे, पण ती एकदम झालेली नाही. घरचा आणि जुना शब्द 'लाइक'. जुन्या इंग्रजीत 'लीच' म्हणजे देह. त्याला 'ये' हा उपसर्ग लागून 'येलीच' झाला, म्हणजे ज्याची अंगलोट दुसऱ्याशी जुळते तो. सुटा 'लीच' पुढे प्रेतापुरता उरला. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छप्पर असलेलं फाटक दिसतं, ते 'लिचगेट'. अंत्ययात्रा तिथे थांबायची आणि शवपेटी टेकवून पाद्र्याची वाट पाहायची. हाच देह झिजून 'फ्रेंडली'तल्या 'ली'मध्ये शिरला. 'सच', 'विच', 'ईच' यांच्या शेवटच्या 'च'मध्येही तोच आहे.

'सेम' आला व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. आपल्या 'सम'शी त्याचं नातं सख्खं आहे, दोघांचं मूळ एकच. १०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आली आणि दरबारात फ्रेंच रुळली. 'रिझेम्बल' फ्रेंचमधूनच चौदाव्या शतकात आला, 'सिमिलर' सतराव्या. या दोघांचं मूळही फिरून त्या 'सम'पाशीच जातं. उशिरा आलेल्या या पाहुण्यांचा थाट अजून टिकून आहे: पोरगी आईवर गेली हे घरात सांगताना इंग्रज 'लाइक' म्हणेल, अहवालात 'सिमिलर' लिहील.

खरं भांडण पेटलं ते 'लाइक' आणि 'ॲज'चं. नियम असा, की पुढे नुसतं नाम असेल तर 'लाइक', क्रियापदासह वाक्य असेल तर 'ॲज'. १९५४ मध्ये अमेरिकेत 'विन्स्टन टेस्ट्स गुड लाइक अ सिगारेट शुड' ही जाहिरात आली आणि भाषेचे सोवळेकरी खवळले. निवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी ती वाचताना 'लाइक'च्या जागी 'ॲज' म्हटलं. प्रायोजकांना ते मुळीच रुचलं नाही. १९६१ मध्ये वेब्स्टरचा तिसरा मोठा कोश निघाला, त्याच्यावरही असल्या वापराला थारा दिल्याचा ठपका आला. वास्तविक वाक्याआधी 'लाइक' घालण्याची सवय कित्येक शतकांची. त्यामुळे हा गहजब मला जरा फुकटचा वाटतो.

जपायला हवा तो दुसरा फरक. 'ॲज अ टीचर' म्हणजे शिक्षक म्हणून, 'लाइक अ टीचर' म्हणजे शिक्षकासारखा. मराठीत इथे गोंधळ होत नाही. इंग्रजीत लिहिताना मात्र आपल्याकडचे अर्जदार अजूनही 'आय वर्क्ड लाइक अ मॅनेजर' लिहून मोकळे होतात.