सबवूफरची वायर कुठे खोचायची: एलएफई की लेफ्ट-राइट?

नागपूरच्या बर्डी बाजारातून सबवूफर (फक्त खालचा, जाड आवाज वाजवणारा स्पीकर) घरी आला की घोटाळा होतो तो मागच्या पॅनेलवर. तिथे लेफ्ट-राइट इनपुटची एक जोडी असते आणि शेजारी कधीकधी एकटंच ‘एलएफई’. एलएफई म्हणजे लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स. सबही खालच्या आवाजासाठीच घेतलेला, तेव्हा ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरचा आवाज स्पीकरपर्यंत नेणाऱ्या डब्याच्या) तिसऱ्या आउटपुटमधून एक वायर काढून त्यात खोचली की झालं, असं कुणालाही वाटेल. गाण्यांचं मिक्सिंग करणाऱ्यासाठी मात्र ती जागा जवळपास नेहमीच चुकीची आहे.

एलएफई हा सिनेमाच्या आवाजातला स्वतंत्र चॅनल, ५.१ मधला ‘.१’. स्फोट, गडगडाट असं जे मिक्स करणारा मुद्दाम त्यात टाकतो तेवढंच तिथे असतं. वरची हद्द १२० हर्ट्झ, आणि वाजवताना त्याची पातळी बाकी चॅनलपेक्षा १० डेसिबल चढी ठेवतात. स्टिरिओ गाण्यात हा चॅनलच नसतो.

लेफ्ट-राइट इनपुटचं काम निराळं आहे. इंटरफेसची दोन्ही आउटपुट सबमध्ये जातात आणि सबच्या आउटपुटमधून मॉनिटरकडे, म्हणजे मिक्सिंग ऐकायच्या स्पीकरकडे. सबच्या आतला क्रॉसओव्हर आवाजाची वाटणी करतो: साधारण ८० हर्ट्झच्या खालचं सबने वाजवायचं, वरचं मॉनिटरने. ही वाटणी झाली की पाच इंची मॉनिटरच्या वूफरवरचा सगळ्यात जड भार उतरतो आणि गायकाचा आवाजही मोकळा ऐकू येतो. माझ्या मते सब घेण्याचा खरा फायदा हाच आहे. जास्त धमक हा त्याचा दुय्यम भाग.

एलएफईत वायर खोचली की ही वाटणी होतच नाही. मॉनिटर आपला पूर्ण आवाज वाजवत राहतात, आणि तिसऱ्या आउटपुटला स्टिरिओ मिक्स दिलेला असेल तर सबही तेच वाजवतो. भीमगीताचं मिक्सिंग चाललंय असं समजा. ढोलकीच्या धूम बाजूची थाप दोन्हीकडून उठते, खोली घुमते, आणि आपण ईक्यू (इक्वलायझर) उघडून ती थाप कापायला लागतो. खोलीत आता सगळं बरोबर वाटतं. तेच गाणं दीक्षाभूमीजवळच्या स्टॉलवर किंवा मित्राच्या गाडीत लागतं, तेव्हा विचारणा होते, “काहून भाऊ, ढोलकीचा दम कुठं गेला?” दम ईक्यूमध्ये गेलेला असतो. म्हणून कापाकापी करण्याआधी वायर तपासा.

लेफ्ट-राइट जोडणीतही एक बटण नजरेतून सुटतं. यामाहाच्या एचएस८एस या सबवर ‘लो कट’ नावाचा स्विच आहे. तो चालू असेल तरच मॉनिटरकडे जाणाऱ्या आवाजातला खालचा भाग गाळला जातो. कुठून गाळायचा ते ८० ते १२० हर्ट्झमध्ये ठरवता येतं. तो बंद राहिला तर वायर बरोबर असूनही वरचाच गोंधळ होतो. जेनेलेकच्या ७०५० मालिकेतल्या सबमध्ये ही सीमा ८५ हर्ट्झवर ठरलेली आहे.

एलएफई वापरायचा तो ५.१ किंवा त्यापुढचं काम हाती असेल तेव्हा. किंवा वाटणी आधीच मॉनिटर कंट्रोलरमध्ये (इंटरफेस आणि स्पीकरच्या मधल्या डब्यात) होत असेल आणि सबला फक्त त्याचा वाटा पाठवायचा असेल तेव्हाही.

वायर कोणतीही लावा, फेजचा स्विच, म्हणजे सबची लहर सरळ ठेवायची की उलटी, हे कानानेच ठरवावं लागतं. ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाचार मीटरच्या आसपास असते. त्यामुळे सब मॉनिटरपेक्षा मीटरभर मागे-पुढे असला तरी दोघांचा आवाज एकमेकांना मारू शकतो. बसायच्या जागी बसा, क्रॉसओव्हरच्याच फ्रिक्वेन्सीचा टोन लावा आणि कुणाला तरी स्विच ०, मग १८० करायला सांगा. जिथे आवाज मोठा येईल ती बाजू ठेवा. बारा फुटी खोली ४७ हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, त्यामुळे एका कोपऱ्यात समाधान झालं नाही तर सब हलवून पुन्हा ऐका. आणि मे महिना असला तरी एवढ्या वेळापुरता कूलर बंद ठेवा. पंख्याची आणि मोटरची घरघर नेमकी याच पट्ट्यात येते.