नाकामागचा कॅन्सर इतका उशिरा का सापडायचा?

नाक मागे जिथे संपतं, पडजिभेच्या वरची ती जागा, आरशासमोर कितीही आ वासला तरी दिसत नाही. तिथला कॅन्सर (नॅसोफॅरिंक्सचा) वर्षानुवर्षं उशिरा सापडत राहिला त्याचं मूळ इथेच आहे. पेशंट यायचा तो मानेला गाठ आली म्हणून, नाहीतर एकच कान सारखा बंद होतो म्हणून, आणि औषध कानाचंच चालू राहायचं. हे वाचताना खरंच जीव तुटतो.

ती जागा बघायची वाट एका गाण्याच्या मास्तरांमुळे सापडली. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सियांनी छोट्या आरशातून स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली, पुढे काही वर्षांत शरीरक्रियाशास्त्रज्ञ चेर्माक यांनी तसाच आरसा वरच्या बाजूला वळवून नाकाची मागची बाजू पाहिली. दुर्बीण फार नंतर आली.

दिसलं तरी कापणार कसं, कवटीच्या तळाला चिकटलेली जागा ती. म्हणून मुख्य उपचार रेडिएशनच राहिला. १९५० च्या दशकात कोबाल्ट मशीन आलं, पण त्यात लाळग्रंथीही सापडायच्या आणि माणूस बरा झाला तरी तोंड कायमचं कोरडं, पाण्याच्या घोटाशिवाय घास उतरत नाही. नेम धरून किरण देणारं आयएमआरटी आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. १९९८ च्या अमेरिकेतल्या ट्रायलने रेडिएशनसोबत सिसप्लॅटिन केमो दिल्याचा फायदा दाखवला, तीन वर्षांनी जिवंत असलेले पेशंट ४७ टक्क्यांवरून ७८ टक्के.

जगात बहुतेक ठिकाणी हा आजार वर्षाला लाखात एकालाही होत नाही, पण दक्षिण चीन, हाँगकाँगमध्ये खूप, आणि आपल्याकडे नागालँडमध्ये, हे फार जणांना माहीतच नसतं. चीनमध्ये खारवलेली मासळी कारण ठरली, नागालँडमध्ये धुरावर सुकवलेल्या मांसाचा संशय आहे. सोबतीला एपस्टाईन-बार व्हायरस, १९६४ मध्ये युगांडातल्या पेशंटच्या वेगळ्याच गाठीत सापडलेला, १९६६ मध्ये नाकामागच्या कॅन्सरच्या पेशंटच्या रक्तातही त्याच्या अँटिबॉडीज दिसल्या.

आणि शेवटी रक्तानेच वाट दाखवली. हाँगकाँगमध्ये डेनिस लो यांच्या टीमने २०,००० हून जास्त पुरुषांच्या रक्तात या व्हायरसचा डीएनए शोधला, २०१७ मध्ये निकाल आला, ३४ जणांना कॅन्सर निघाला, त्यातले ७१ टक्के पहिल्या-दुसऱ्या स्टेजचे, एरवी तिथे हेच प्रमाण २० टक्के असायचं. तपासणीला आले तेव्हा यातल्या कुणालाच काही त्रास होत नव्हता.