कांगारूची शेपटी आणि दोन कोन

मद्रास विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात जीवशास्त्र शिरले ते कुणी तसे धोरण आखले म्हणून नव्हे. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली आणि पुढे केंब्रिजमध्ये स्फटिकांचे भौतिकशास्त्र शिकलेले जी. एन. रामचंद्रन १९५२ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, तेथे विभागप्रमुख झाले. त्याच सुमारास मद्रासला आलेले ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल बोलण्याच्या ओघात म्हणाले की कोलॅजेनची रचना अजून कुणालाच नीट उलगडलेली नाही. त्वचा, हाडे आणि कंडरा यांना बळकटी देणारे हे प्रथिन आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांच्या पाव ते एक तृतीयांश भरते.

नमुना दूर शोधावा लागला नाही. कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजेनच, आणि केंद्रीय चर्म संशोधन संस्था त्याच शहरात होती. तेथून कांगारूच्या शेपटीतील कंडरा मिळाली. तिच्यातून क्ष-किरण पाठवून उमटलेल्या ठिपक्यांवरून रामचंद्रन आणि त्यांचे तरुण सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ मध्ये अमिनो आम्लांच्या (प्रथिने ज्यांची बनतात त्या लहान रेणूंच्या) तीन साखळ्यांची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी तिला आणखी पीळ देऊन तिहेरी वेटोळ्याचे सुधारित रूप प्रसिद्ध केले. रासायनिक विश्लेषणात कोलॅजेनमधील सुमारे एक तृतीयांश अमिनो आम्ले ग्लायसीन असल्याचे दिसत होते. त्याचे कारण या रचनेत सापडले: प्रत्येक तिसरे अमिनो आम्ल वेटोळ्याच्या आतल्या अंगाला येते आणि तिथल्या अडचणीच्या जागेत सर्वांत लहान ग्लायसीनच मावते.

केंब्रिजच्या फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी मात्र आक्षेप घेतला की या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आले आहेत. साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या दुबळ्या हायड्रोजन बंधांच्या संख्येबाबतही मतभेद होता आणि त्या मुद्द्यावर पुढे टीकाकारांचेच म्हणणे बरेचसे ग्राह्य ठरले. तिहेरी वेटोळ्याची मूळ कल्पना मात्र टिकली.

मला या सगळ्यात मोलाचे वाटते ते त्यानंतरचे कष्टाचे काम. फार जवळ म्हणजे नेमके किती, हे ठामपणे सांगता येईल असे प्रमाण हाताशी नव्हते. तेव्हा रामचंद्रन आणि त्यांचे विद्यार्थी व्ही. शशिशेखरन व सी. रामकृष्णन यांनी ज्ञात स्फटिकांमधील अणूंची अंतरे धुंडाळून मर्यादा ठरवल्या. एकमेकांना न जोडलेले दोन कार्बन अणू, उदाहरणार्थ, सहसा ३.२ आंगस्ट्रॉमपेक्षा जवळ येत नाहीत, आणि फारच ओढाताण झाली तर ३.० पर्यंत येतात. एक आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.

आता पत्त्यांच्या कॅटमधली काही पाने कोपऱ्याला कोपरा जोडून टाचणीने अडकवली आहेत, असे समजा. पान म्हणजे प्रथिनात एका अमिनो आम्लाला पुढच्याशी जोडणारा ताठ, सपाट पेप्टाइड गट आणि टाचणी म्हणजे मधला कार्बन अणू. पान वाकत नाही, पण टाचणीच्या दोन्ही बाजूंची पाने फिरू शकतात. म्हणून साखळीचा आकार प्रत्येक टाचणीपाशी केवळ दोन कोनांनी ठरतो. हे दोन्ही कोन थोडेथोडे बदलत, दर वेळी कोणता अणू कोणाला धडकतो याचा हिशेब या विद्यार्थ्यांनी केला. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन कोनांच्या नकाशात बहुतेक जागा वर्ज्य ठरली आणि अनुमत प्रदेशाची मोजकी बेटे उरली. तोवर माहीत असलेल्या प्रथिनरचना याच बेटांवर बसत होत्या.

आजही नवी प्रथिनरचना, प्रयोगातून आलेली असो वा संगणकाने वर्तवलेली, याच नकाशावर, म्हणजे रामचंद्रन आलेखावर, ताडून पाहिली जाते; प्रत्येक अमिनो आम्लाच्या दोन कोनांचा त्यावर एक ठिपका पडतो. वर्ज्य भागात ठिपका पडला की संशोधक विद्यार्थी आधी तेथील अमिनो आम्ल कोणते ते पाहतो. ते ग्लायसीन असेल तर बहुधा चिंता नसते. त्याची बाजूची शाखा म्हणजे एकच हायड्रोजन अणू, त्यामुळे इतरांना वर्ज्य असलेल्या बऱ्याच जागा त्याला मोकळ्या असतात. दुसरे कोणते निघाले, तर मूळ मोजमापे पुन्हा उघडावी लागतात.