वंध्यत्वाच्या उपचारांतला मानसिक त्रास मोजतात कसा? प्रश्नावल्यांची पार्श्वभूमी

वंध्यत्वात मनाचा विचार सुरू झाला तो उलट्या टोकाकडून. विसाव्या शतकाच्या मध्यावर तपासणीत दोष सापडला नाही, की कारण बाईच्या मनात शोधलं जाई: आईपणाची सुप्त भीती, स्वतःच्या आईशी बिनसलेलं नातं. पुढे हार्मोनच्या तपासण्या आणि लॅप्रोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून होणारी तपासणी) सुधारली, शारीरिक कारणं सापडू लागली आणि हा दोषारोप ढिला पडला. १९७८ मध्ये आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवून, पहिलं मूल जन्मलं. उपचार वर्षानुवर्षं चालू लागले, तेव्हा या उपचारांनी माणसाचं काय होतं, हे कुठे विचारलं जाऊ लागलं.

मोजायला हाताशी होती ती मानसोपचारातली साधनं. मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांच्या १९६१ च्या नैराश्य-प्रश्नावलीत २१ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण. त्यांत झोप, थकवा, भूक, वजन, कामेच्छा हेही येतं. उपचारातली इंजेक्शनं आणि प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चालू असताना थकवा येतो, झोपमोड होते, पोट फुगून जेवण जात नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्याच दिवशी संबंध ठेवायचे म्हटल्यावर इच्छाही उरत नाही. असे पाच प्रश्न धरा, प्रत्येकी २ गुण. झाले १०, आणि मूळ प्रश्नावलीत सौम्य नैराश्य साधारण तिथूनच धरत. औषधाचा परिणाम कागदावर नैराश्य म्हणून उमटतो.

झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ मध्ये शारीरिक आजाराच्या रुग्णांसाठी 'हॅड्स' ही प्रश्नावली तयार केली. चिंतेचे ७ प्रश्न, नैराश्याचे ७, आणि शरीराची लक्षणं शक्यतो बाहेर. प्रत्येक भागात ८ ते १० गुण म्हणजे शंका, ११ किंवा जास्त म्हणजे नीट तपासणी हवी. आजही बरीच केंद्रं हीच वापरतात. पण मैत्रिणीला दिवस गेल्याचं कळल्यावर जे आतून तुटतं, ते हॅड्सला कळत नाही.

ती उणीव वंध्यत्वासाठीच लिहिलेल्या प्रश्नावल्यांनी भरून काढली. न्यूटन आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या प्रश्नावलीत ४६ विधानं आहेत: लोकांचं बोलणं, लैंगिक संबंध, जोडीदाराशी नातं, मुलाशिवायच्या आयुष्याला नकार, पालक होण्याची निकड. २०११ मध्ये 'फर्टिक्वोल' ही वंध्यत्वातल्या जीवनमानाची प्रश्नावली आली. तिचे २४ मुख्य प्रश्न, उपचारांबद्दलचे १० ऐच्छिक आणि २ सर्वसाधारण. उलट्या अर्थाच्या प्रश्नांचे गुण आधी फिरवायचे, बेरजेला २५ ने गुणायचं आणि प्रश्नांच्या संख्येने भागायचं. उत्तर ० ते १०० मध्ये येतं. इथे जास्त गुण म्हणजे स्थिती चांगली, हॅड्सच्या नेमकं उलट. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये असले की इथेच गफलत होते.

त्याच वर्षी १४ अभ्यासांतल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचारांआधीचा मानसिक त्रास आणि उपचारांच्या त्या फेरीत गर्भधारणा होणं न होणं, यांचा संबंध दिसला नाही. "टेन्शन घेतलंस म्हणून राहिलं नाही" असं कुणालाही ऐकवू नये, याला हा भक्कम आधार आहे.

आमच्या मते गुणांइतकीच तारीख महत्त्वाची. उपचार सुरू होताना आशा असते. शिवाय आपण खचलेले दिसलो तर उपचार नाकारतील या धास्तीने उत्तरं सावरून दिली जातात. स्त्रीबीज काढण्याच्या सुमारास ताण वाढतो, भ्रूण गर्भाशयात सोडल्यावर निकालाची वाट पाहताना पुन्हा वाढतो आणि निकाल नकारार्थी आला की नैराश्य वर येतं. पहिल्या दिवशी एकदाच फॉर्म भरून घेतला, तर यातलं काहीच हाती लागत नाही. गुणांशेजारी फेरीचा कितवा दिवस आणि कोणती औषधं चालू आहेत हे लिहावं. नवरा-बायकोला एका टेबलावर बसवून फॉर्म देऊ नयेत. दोघांची उत्तरं एकमेकांना सांभाळून येतात.

आणखी एक गोष्ट: आत्महत्येच्या विचारांबद्दल बेकच्या प्रश्नावलीत थेट प्रश्न आहे, हॅड्स आणि फर्टिक्वोलमध्ये नाही. या दोन वापरणाऱ्या केंद्रात तो प्रश्न समुपदेशकाने तोंडी विचारायला हवा, आणि एकूण गुण कितीही कमी असले तरी त्या उत्तराची दखल त्याच दिवशी घ्यायला हवी.