शालवनांतील वृक्षमृत्यू

शाल वृक्षांच्या (शोरिया रोबस्टा, कुल डिप्टेरोकार्पेसी) वनांत अवर्षण, मुळे कुजविणाऱ्या बुरशी, वादळवारा आणि विशेषतः खोड पोखरणारा शालवेधक भुंगेरा यांमुळे झाडे वठण्याची व पडण्याची घटना. हिंदीत व वनखात्याच्या व्यवहारात या वृक्षाला साल आणि गोंडांच्या मुलखात सरई म्हणतात. मराठीत साल म्हणजे झाडाची त्वचा. तिचा उल्लेख पुढे वारंवार येणार असल्याने येथे वृक्षासाठी शाल हेच नाव वापरले आहे.

शालाचे दोन मोठे पट्टे आहेत. एक हिमालयाच्या पायथ्याने पूर्वेकडे आसामपर्यंत जातो. दुसरा मध्य भारतातील मंडला, दिंडोरी, बालाघाट, अमरकंटक, अचानकमार येथून छत्तीसगढ, झारखंड व ओडिशाकडे पसरतो. मोठ्या प्रमाणावरील वृक्षमृत्यूचा सर्वांत तपशीलवार इतिहास या दुसऱ्या पट्ट्यातून मिळतो.

वठणे आणि पडणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि शालाच्या बाबतीत त्यांच्यात पुष्कळ वर्षांचे अंतर असू शकते. शालाचे मध्यकाष्ठ (खोडाच्या गाभ्यातील जून लाकूड) अतिशय टिकाऊ असते. ‘शंभर साल उभा, शंभर साल आडवा’ अशा अर्थाची म्हण हिंदी मुलखात या झाडाविषयी रूढ आहे, ती त्यामुळेच. याउलट, मूळकुजीने ग्रासलेले झाड शेंड्याला हिरवी पाने असतानाच वाऱ्याने उन्मळून पडते. उत्तर बंगालच्या ओलसर शालवनांत इनोनोटस शोरी (जुने नाव पॉलिपोरस शोरी) ही बुरशी याला प्रामुख्याने कारणीभूत असते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील बी. के. बक्षी यांचे या रोगावरील काम आजही आधारभूत मानले जाते. अवर्षणाने झालेल्या मृत्यूचे ठळक उदाहरण म्हणजे १९०७-०८ च्या सुमारास अवधमधील शालवनांची झालेली हानी. शालाची कोवळी रोपे तर वर्षानुवर्षे जमिनीपर्यंत सुकतात व जिवंत मुळातून पुन्हा फुटतात. या सुकण्याची गणना वृक्षमृत्यूत करणे योग्य नाही.

शालवेधक (होप्लोसेराम्बिक्स स्पिनिकॉर्निस) हा लांब शृंगिकांच्या (डोक्यावरील मिशांसारख्या स्पर्शेंद्रियांच्या) भुंगेऱ्यांच्या कुलातील (सेराम्बिसिडी) कीटक आहे. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ न्यूमन यांनी १८४२ मध्ये त्याचे नामकरण केले. जातिवाचक नावाचा अर्थ ‘काटेरी शृंगिकांचा’ असा होतो. भुंगेरा गडद तपकिरी असून त्याची लांबी साधारण २ ते ६.५ सेंमी. असते. एकाच जातीत आकाराचा एवढा फरक पडतो, कारण अळीला किती व कसे खाद्य मिळाले यावर भुंगेऱ्याचा आकार अवलंबून असतो. नराच्या शृंगिका शरीरापेक्षा लांब, मादीच्या आखूड असतात.

त्याचे जीवनचक्र एका वर्षाचे असून ते पावसाळ्याशी घट्ट बांधलेले आहे. जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की भुंगेरे खोडातून बाहेर पडू लागतात. मादी सालीच्या भेगांत व जखमांत अंडी घालते. त्यांची संख्या शंभर ते तीनशे, क्वचित अधिक असते. आठवड्याभरात अळ्या बाहेर येतात. त्या आधी अंतर्साल खातात, मग रसकाष्ठात (बाहेरच्या कोवळ्या लाकडात) आणि शेवटी मध्यकाष्ठात शिरतात. पावसाळा संपल्यानंतर गाभ्यात कोष तयार होतात. त्यांतून निघालेले भुंगेरे पुढच्या पावसाची वाट पाहत तेथेच पडून राहतात.

अळ्यांनी बाहेर लोटलेला लाकडाचा भुसा झाडाच्या बुंध्याशी साचतो. जंगलात वावरणाऱ्याला रोगाची पहिली खूण पटते ती या ढिगावरून. पाने तपकिरी पडायला त्यानंतर वेळ लागतो. मृत्यूचे प्रत्यक्ष कारण लाकूड कमकुवत होणे हे नव्हे. पानांत तयार झालेले अन्न अंतर्सालीतून खाली उतरते आणि मुळांनी शोषलेले पाणी रसकाष्ठातून वर चढते. अळ्यांच्या बोगद्यांनी खोडाभोवती कडे पूर्ण झाले की दोन्ही वाटा बंद होतात आणि झाड उभ्या उभ्या वठते. मध्यकाष्ठातील बोगदे झाडाला मारत नाहीत, परंतु त्यांतून पाणी, बुरशी व वाळवी आत शिरते. मग एरवी दशकानुदशके उभे राहणारे खोड लवकर मोडते. मोडलेल्या खोडाच्या छेदावर बोटभर रुंदीची भोके दिसतात.

झाडाचे संरक्षण राळेने होते. निरोगी शालात शिरलेली अळी राळेच्या पाझरात बुडून मरते. त्यामुळे एरवी हा कीटक वाऱ्याने पडलेल्या, तोडलेल्या किंवा आधीच खंगलेल्या झाडांवरच जगतो. अशा वेळी तो जंगलाचे नुकसान करत नाही. मृत लाकडाची विल्हेवाट लावणाऱ्या जीवांपैकी तो एक असतो.

शालवेधकाच्या प्रकोपांचे (त्याची संख्या अतोनात वाढून निरोगी झाडेही मरू लागण्याच्या घटनांचे) कालनिर्णय सावधपणे घ्यावे लागतात. पहिली नोंद छोटा नागपूर भागातील असून ती १८९७ च्या सुमाराची मानतात. त्यानंतर लवकरच बालाघाटचा उल्लेख येतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वनकीटकतज्ज्ञ ई. पी. स्टेबिंग यांनी या किडीकडे शास्त्रीय लक्ष वेधले. सर्वांत मोठा प्रकोप १९२३–२८ या काळातला. त्यात तत्कालीन मध्य प्रांतात, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर होती त्या प्रांतात, सुमारे ७० लाख शालवृक्ष गेल्याचे सांगितले जाते. हा आकडा मोजणीपेक्षा अंदाजावर आधारलेला असावा, पण हानीची व्याप्ती दाखवायला तो पुरेसा आहे. शेवटच्या मोठ्या प्रकोपाचा आरंभ काही लेखक १९९४ मध्ये, काही १९९६ मध्ये धरतात. किडीची संख्या आधी काही वर्षे गुपचूप वाढत जाते हे लक्षात घेता आधीचे वर्ष अधिक पटण्याजोगे आहे. मंडला, दिंडोरी, शहडोल व बिलासपूर भागांत १९९७-९८ मध्ये तो शिगेला पोहोचला. त्यात ३० लाखांच्या आसपास झाडे बाधित झाली.

भुंगेरा हे मृत्यूचे मूळ कारण की केवळ शेवटचा घाव, हा या विषयातील मुख्य वाद आहे. एका मतानुसार अवर्षण, जून झाडांची दाटी, वणवे व उथळ जमीन यांनी झाड आधीच दुबळे झालेले असते आणि कीड त्याचा फायदा घेते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ पॉल मॅनियन यांनी १९८१ मध्ये मांडलेली वृक्षऱ्हासाची चौकट या मताला जवळची आहे. तिच्यात आधीपासून दुबळे करणारी, ऱ्हासाला चालना देणारी आणि शेवटी भर घालणारी अशी कारणांची तीन वर्तुळे असून झाड त्यांतून मृत्यूकडे घसरत जाते. दुसरे मत असे की, प्रकोपात पूर्ण निरोगी झाडेही मरतात, म्हणून कीड हेच कारण. भारतीय वनकीटकांवर १९४१ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारे सी. एफ. सी. बीसन आणि त्यांच्यानंतरचे संशोधक यांच्या निरीक्षणांतून या दोहोंचा मेळ घालता येतो. राळेचा साठा अमर्याद नसतो. एका झाडात दहा अळ्या शिरल्या तर ते त्यांना बुडवते. शेकडो शिरल्या तर राळ अपुरी पडते. म्हणजे दुबळी व पडलेली झाडे किडीची संख्या वाढवतात, आणि ती संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की निरोगी व दुबळे हा भेदच उरत नाही. दीर्घ व दमट पावसाळ्यात भुंगेरे अधिक काळ जगतात आणि अंडी घालण्याचा हंगाम लांबतो. केवळ अवर्षणाला दोष देणाऱ्यांच्या विवेचनात ही बाब सहसा सुटते.

नियंत्रणाचा खात्रीचा उपाय शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही. त्याला सापळावृक्ष पद्धत म्हणतात आणि ती बीसन यांच्या काळात रूढ झाली. पावसाच्या आरंभी निवडक शालवृक्ष तोडून त्यांचे दोन-तीन मीटरचे ओंडके करतात. ओंडक्यांच्या टोकांकडील साल ठेचून सैल करतात. ताज्या रसाच्या वासाने भुंगेरे ओढले जातात, रस पिऊन सुस्तावतात आणि ठेचलेल्या सालीखाली दडतात. ते हाताने वेचून मारायचे. रस आटला की टोक पुन्हा छाटतात किंवा नवे झाड पाडतात. हे वेचणीचे काम गोंड व बैगा स्त्रीपुरुषांनी आणि मुलांनी केले असून मोबदला नगावर दिला जातो. भर पावसात, चिखलात चालणाऱ्या या कष्टाशिवाय एकही प्रकोप आटोक्यात आला नसता. वनखात्याच्या इतिहासात मात्र त्याला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही.

बाधित झाडे पुढच्या पावसाआधी तोडून जंगलाबाहेर नेणे हा दुसरा उपाय. तो तत्त्वतः योग्य आहे, कारण भुंगेरे खोडातच असतात. परंतु १९९७-९८ मध्ये तोडीचा आवाका एवढा वाढला की सावरू शकणारी झाडेही जातील अशी भीती निर्माण झाली. प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तोडीवर निर्बंध आले. त्यानंतर शेंड्याची स्थिती व भुशाचे प्रमाण पाहून झाडांची गटवारी करण्यावर भर दिला गेला. थोडा भुसा आणि हिरवा शेंडा असलेले झाड राखायचे, भुशाचा ढीग व वाळलेला शेंडा असलेले काढायचे, असा तिचा आशय. भुंगेरे निघून गेलेले वठलेले झाड तोडून कीडनियंत्रण काहीच साधत नाही. ढोल्यांत घरटी करणारे पक्षी आणि सुतारपक्षी यांना मात्र ते हवे असते.

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेकडे शाल विरळ होत जातो व सागाची वने सुरू होतात. सागाची पाने फस्त करणाऱ्या अळ्या (हिब्लिया प्युएरा) पावसाळ्याच्या आरंभी मोठे क्षेत्र निष्पर्ण करतात. त्याने वाढ खुंटते, पण झाड सहसा मरत नाही. काही आठवड्यांत नवी पालवी येते.